थेम्सवर बोट न्यायची, पण कुठवर?

पत्राचा सारांश : पत्रलेखक इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात. ऑगस्टमध्ये त्यांचे आई-बाबा गुहागर तालुक्यातल्या गावाहून दीड महिन्यासाठी येत आहेत. बाबा ७१ वर्षांचे, बंदर खात्यातून निवृत्त. आईचे गुडघे दुखतात आणि तिला पोहता येत नाही. मुलगा सहा वर्षांचा. दहा दिवसांसाठी ६० फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायची, ऑक्सफर्डहून थेम्समधून निघायचं, टेडिंग्टनच्या पुढे भरती-ओहोटीच्या पाण्यातून पार्लमेंट आणि टॉवर ब्रिज बघत पूर्व लंडनमधलं लाइमहाउस गाठायचं आणि तिथून कालव्यांनी ऑक्सफर्डला परतायचं, असा त्यांचा बेत आहे. ‘बाबांचं हे स्वप्न आहे,’ असं ते लिहितात. पत्नीचा विरोध आहे. ‘रात्री थांबायचं कुठे, दोर कोण धरणार, तेव्हा पोराकडे कोण बघणार, हेच ती विचारत बसते.’ मेहुणे म्हणतात, ताशी चार मैलांनी जाणाऱ्या बोटीत भ्यायचं काय? पत्राच्या शेवटी प्रश्न आहे : ‘बायको उगाच घाबरतेय, की मी बेफिकीर आहे?’

स. न.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी कागद-पेन घेऊन बसले. बोटीवरच्या लोकांचा एक साधा हिशेब असतो. जेवढे मैल असतील त्यात वाटेतल्या लॉकची संख्या मिळवायची आणि बेरजेला तीन-साडेतीनने भागायचं, की तास येतात. (लॉक म्हणजे पुढे-मागे दारं असलेली पाण्याची टाकी, तिच्यात बोट वर-खाली होते.) ऑक्सफर्डपासून टेडिंग्टनपर्यंत नदीने साधारण ९० मैल आणि ऑक्सफर्डमधल्या ऑस्नी लॉकपासून मोजले तर ३३ लॉक. म्हणजे ३५ ते ४० तास, तेही एकाच बाजूचे. तुम्ही मात्र अख्खी प्रदक्षिणा घालायला निघाला आहात. थेम्स, ग्रँड युनियन कालवा आणि ऑक्सफर्ड कालवा मिळून होणाऱ्या या फेरीला ‘थेम्स रिंग’ म्हणतात. ती सुमारे २५० मैलांची आहे, लॉक पावणेदोनशेच्या आसपास. लाइमहाउसमार्गे गेलात तर अंतर आणखी वाढतं. पश्चिम लंडनमध्ये ब्रेंटफर्डलाच कालव्यात शिरायचा सोपा रस्ता धरला तरी १२० तास होतात. दहा दिवसांत म्हणजे रोज बारा तास बोट हाकायची. चहा, जेवण, आईच्या गुडघ्यांना विश्रांती आणि पोराचं ‘मला बदकं बघायचीयेत’ यातलं काहीच त्यात धरलेलं नाही.

भीती आणि बेफिकिरी जरा बाजूला ठेवा, हा बेत हिशेबातच बसत नाही. पावसात, अंधार पडेपर्यंत, एकामागून एक लॉक उघडत-मिटत तुम्ही आणि तुमची बायको धावत राहाल आणि आई-बाबा आतल्या बाकावर बसून ‘दमलास रे’ म्हणत राहतील. हे घडताना मी पाहिलेलं आहे. सुट्टी संपते तेव्हा घरात कोणी कोणाशी नीट बोलत नसतं.

आता पाण्याकडे येऊ. नकाशावर एकच निळी रेघ दिसते, म्हणून आपल्याला वाटतं प्रवास एकच आहे. प्रत्यक्षात तुमच्या वाटेवर तीन वेगवेगळी पाणी आहेत आणि त्यांचे कारभारीही वेगळे. टेडिंग्टनपर्यंतची थेम्स पर्यावरण संस्थेची, म्हणजे एन्व्हायर्नमेंट एजन्सीची. दर काही मैलांवर बांध, बाजूला लॉक, लॉकवर बहुतेक वेळा रखवालदार आणि फुलझाडांची हौस. तिथे दारं यंत्रावर चालतात. टेडिंग्टनच्या लॉकखाली थोड्या अंतरावर काठावर एक दगडी खांब आहे, त्याच्या पुढे नदी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीची. ही संस्था १९०९ची. तिथून खाली समुद्राचं राज्य. कालवे तिसऱ्याचे, कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचे. तिथल्या लॉकची दारं आपणच पाठ लावून ढकलायची आणि पाण्याच्या झडपा लोखंडी किल्लीने आपणच फिरवायच्या.

पहिल्या आणि तिसऱ्या पाण्यात चूक झाली तर बहुतेक वेळा लाज वाटते आणि रंग खरवडला जातो. मधल्या पाण्यात तसं नाही.

मेहुण्यांच्या ‘चार मैलां’बद्दल सांगते. बोटीचा वेग पाण्याच्या मानाने मोजायचा असतो. लंडनमध्ये उधाणाच्या दिवशी ओहोटीचं पाणी ताशी तीन-चार मैलांनी सहज वाहतं. त्याच्या उलट गेलात तर इंजिन घरघरत राहील आणि काठावरचं झाड जागचं हलणार नाही. पाण्याबरोबर गेलात तर पुलाचे खांब ताशी आठ मैलांनी अंगावर येतील, आणि पंधरा-सोळा टनांच्या बोटीला ब्रेक नसतो. उलटा गिअर टाकून वाट बघायची, एवढंच हातात. त्यात लाइमहाउसचा लॉक नदीच्या कडेला आहे. भर प्रवाहात बोट आडवी घालून त्या तोंडात शिरावं लागतं. शेजारून प्रवासी कॅटमरान जातात आणि त्यांच्या लाटा एकमेकींवर आपटत काठाच्या भिंतींवरून परत येतात. नॅरोबोट ही कालव्यासाठी घडवलेली, सात फुटांहून किंचित कमी रुंद आणि तळ सपाट. तिच्या पुढच्या उघड्या चौकात पाणी यायला फार मोठी लाट लागत नाही.

पत्नीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मध्य लंडनमध्ये भरती आणि ओहोटीच्या पातळीत उधाणाला सात मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे दोन मजले. तुमच्या बाबांना विचारा, दाभोळच्या खाडीत माचवा बांधताना दोर किती सैल ठेवायचा ते. थेम्सच्या भिंतीला आखडता दोर बांधून तुम्ही कॉफी प्यायला गेलात, तर परत येईपर्यंत बोट दोरावर लटकलेली असेल. रात्री मन मानेल तिथे थांबायची सोय वरच्या नदीत आहे, खाली नाही. टेडिंग्टन सोडलं की एका दमात ब्रेंटफर्ड किंवा लाइमहाउसच गाठायचं आणि तिथल्या लॉकमध्ये शिरायचं. त्या दोन्ही लॉकना २४ तास आधी कळवावं लागतं. ब्रेंटफर्डचं लॉक तर भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तासच चालतं. इंजिन बंद पडलं, पोराचं पोट दुखलं, तरी ‘जरा कडेला घेऊ’ हा पर्याय नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेते. बायको ‘हेच विचारत बसते’ असं तुम्ही लिहिलंत. बोट कुठे थांबणार, दोर कोणाच्या हातात, लहान मूल कोणाच्या नजरेखाली, हे तीन प्रश्न ज्याला आधी सुचतात त्याच्या हाती मी बोट बिनधास्त देईन. तुम्ही त्यांना भीतीच्या खात्यात टाकलंत, कारण उत्तरं तुमच्याकडे नव्हती. रागावू नका, पण तुमच्या घरात बोटीचा सगळ्यात जास्त विचार तुमच्या पत्नीनेच केलेला दिसतोय.

तसंच बाबांच्या स्वप्नाचं. पत्रात बाबांच्या तोंडचं एकच वाक्य आहे. तुम्ही टॉवर ब्रिजचा फोटो पाठवलात तेव्हा ते म्हणाले, ‘इथून बोट न्यायला मजा येईल.’ खाडीकाठी आयुष्य काढलेला माणूस पूल आणि पाणी बघून असं म्हणणारच. त्यावरून त्यांना दहा दिवस सात फूट रुंदीच्या लोखंडी बोटीत, गुडघे दुखणाऱ्या बायकोसह, भाड्याच्या वेळापत्रकावर राहायचंय असं निघत नाही. कदाचित त्यांना सुकाणू हातात घ्यायचं असेल. कदाचित पाणी चढताना-उतरताना नुसतं बघायचं असेल. किंवा त्यांनी सहज म्हटलं असेल आणि तुमच्या मनात राहून गेलं असेल. हे स्वप्न तुमचं असलं तरी त्यात वाईट काही नाही, फक्त ते त्यांच्या नावावर खर्ची टाकू नका. फोन करा आणि मोकळेपणाने विचारा.

आणि हे सगळं ठरायच्या आधीची अडचण म्हणजे भाड्याच्या नॅरोबोटी भरतीच्या थेम्सवर न्यायला बहुतेक कंपन्या परवानगीच देत नाहीत. करारात टेडिंग्टनची हद्द घातलेली असते आणि ती ओलांडली की विमा गेला. टेडिंग्टन ते ब्रेंटफर्ड हा पाचेक मैलांचा तुकडा अनुभवी मंडळींना करू देणारी कंपनी मिळू शकते, पण ते लेखी विचारा. फोनवरचं ‘शुड बी फाइन’ काही कामाचं नाही.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर प्रवासाचे दोन तुकडे केले असते आणि दोन्ही वेगळ्या आठवड्यांत.

पहिला तुकडा वरच्या नदीत. चार दिवस, फार तर पाच. ऑक्सफर्डच्या आसपास बोट घ्यायची, अ‍ॅबिंग्डन, क्लिफ्टन, वॉलिंगफर्ड असं सावकाश खाली यायचं, जमलं तर गोरिंगपर्यंत, जिथे दोन्ही बाजूंनी टेकड्या नदीजवळ येतात, आणि त्याच वाटेने परत. दिवसाला चार-पाच तास बोट, बाकी वेळ काठावर. येताना दृश्य तेच असेल म्हणून हिरमुसू नका, नदी उलट दिशेने वेगळीच दिसते. उलट्या दिशेला, म्हणजे ऑक्सफर्डहून लेचलेडकडे जाण्याचा मोह झाला तर ऑस्नीच्या पुलाखाली साडेसात फूटच उंची मिळते एवढं ध्यानात ठेवा. नॅरोबोटी त्याखालून जातात, पण छपरावर खुर्च्या, सायकली आणि बाबांची छत्री असेल तर आधी उतरवा.

थेम्सच्या लॉकमध्ये काय होतं ते बाबांना आधीच सांगून ठेवा, त्यांना मजा येईल. बोट आत आली की पुढचा आणि मागचा असे दोन दोर काठावरच्या खुंट्यांना नुसता वेढा घालून परत हातात घ्यायचे आणि इंजिन बंद करायचं. गाठ मारायची नाही. पाणी उतरू लागलं की दोर हातातून थोडा थोडा सोडत जायचं. मनगटाला गुंडाळायचा नाही. खाली जाताना बोटीची शेपूट मागच्या दाराजवळच्या दगडी उंबऱ्यावर राहणार नाही एवढं सुकाणूवाल्याने बघायचं. उंबरा कुठवर आहे त्याची पांढरी खूण भिंतीवर असते. ती विसरली की पाणी उतरतं आणि बोटीचा मागचा भाग उंबऱ्यावर अडकून वर राहतो. नॅरोबोटी लॉकमध्ये बुडतात त्या बहुतेक अशाच. थेम्सवर रखवालदार ओरडून सांगतो, कालव्यावर सांगणारं कोणी नसतं.

आईंचा विचार मागच्या पायऱ्यांपासून करा. नॅरोबोटीत शिरायला मागून दोन-तीन उभ्या पायऱ्या उतराव्या लागतात, आणि बोटीच्या कडेने चालायची पट्टी जेमतेम पावलाएवढी असते. तिथून त्यांनी जायचंच नाही. बुकिंग करताना मागची मोकळी जागा मोठी असलेली बोट मागा, म्हणजे दोन खुर्च्या टाकून त्या दोघांना सुकाणूजवळ बसता येईल. आत पलंग कायमचा आहे की रोज जेवणाचं टेबल मोडून करायचा आहे ते विचारा. रोज रात्री फळ्या जुळवायचं काम दुसऱ्या दिवशीच नकोसं होतं. गॅस असतो, पोळ्या होतात, पण ओटा एवढुसा. मेथीचे ठेपले आणि चटण्या घरूनच न्या. काठावर उडी मारायची नाही आणि बोट भिंतीला लागू नये म्हणून पाय मध्ये घालायचा नाही, हे दोन नियम पोरापेक्षा मेहुण्यांना आधी सांगा. लाइफजॅकेट पोराच्या अंगावर बोट बांधलेली असतानाही राहू दे. मुलं पाण्यात पडतात ती बरेचदा बोट थांबलेली असताना, सगळे निवांत झाल्यावर.

वरच्या नदीतही पावसानंतर लॉकवर पाट्या लागतात. पिवळी असेल तर प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, लाल असेल तर जोरदार आहे. लाल पाटी दिसली की दोर बांधा आणि पत्ते काढा. ऑगस्टमध्ये असं क्वचित होतं, तरी एक दिवस हातचा ठेवावा.

दुसरा तुकडा भरतीचा. इथे बाबांना खरं काम आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हे त्यांना तोंडपाठ असेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे आपल्या किनाऱ्याचं गणित. लंडन ब्रिजला ते तसंच्या तसं लागू पडत नाही, उधाणाची भरती तिथे दुपारी दोन-तीनच्या आसपास येते आणि टेडिंग्टनला पोहोचायला आणखी तासभर लागतो. त्यांना पंचांग घेऊन बसवा, त्यांचं उत्तर एका बाजूला आणि पोर्ट ऑफ लंडनचा तक्ता दुसऱ्या बाजूला ठेवा. तक्ता कोणत्या घड्याळाचा आहे तेवढं पाहा. ग्रिनिच वेळेत असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवावा लागतो. या एका तासापायी भलेभले ब्रेंटफर्डच्या बंद दारापुढे चिखलात रुतलेले आहेत.

मग अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचा एखादा दिवस धरून सगळे रिचमंडला जा. तिथे १८९४ सालचा बांध आहे, वर पादचारी पूल. पुलाच्या पोटात लोखंडी झडपा असतात. भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास त्या वर उचललेल्या असतात आणि बोटी खालून सरळ जातात. एरवी झडपा खाली येतात, वरच्या बाजूला पाणी अडून राहतं आणि बोटींना शेजारच्या लॉकमधून पैसे भरून जावं लागतं. बंदर खात्यात नोकरी केलेल्या माणसाला त्या पुलावरून हलवणं कठीण जाईल. तिथून बसने पटनीला आलात तर उधाणाच्या दिवशी नदी रस्त्यावर आलेली दिसेल. पाट्या लावूनही कोणाची तरी गाडी तिथे चाकं बुडवून उभी असतेच. ऑक्सफर्ड-केंब्रिजची १८२९ पासूनची वल्हवायची शर्यतही याच पटनीहून, चढत्या भरतीबरोबर, वरच्या दिशेला होते. तिची वेळ दर वर्षी पाणी ठरवतं.

टॉवर ब्रिजखालून जायचं तर थेम्स क्लिपर्स या प्रवासी बोटींची तिकिटं काढा. बॅटरसीहून ग्रिनिचपर्यंत पार्लमेंट, लंडन ब्रिज, टॉवर ब्रिज, सगळं खालून दिसतं. आईंना बसायला नीट खुर्ची, आत स्वच्छतागृह. मागच्या उघड्या डेकवर बाबांना उभं करा आणि लाइमहाउसच्या लॉकचं तोंड डावीकडे येईल तेव्हा दाखवा. त्यात नॅरोबोट आडवी कशी घालतात ते तुम्ही सांगायची गरज नाही, पाणी बघून तेच तुम्हाला सांगतील.

असाच बेत मनात असणाऱ्या आणि स्वतःची किंवा मित्राची बोट असलेल्या वाचकांसाठी थोडं. भरतीची थेम्स नॅरोबोटीला वर्ज्य नाही, दर उन्हाळ्यात कितीतरी जातात. पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका. सेंट पँक्रस क्रूझिंग क्लब ताफा करून बोटी नेतो, त्यांच्याबरोबर जा. लाइमहाउसहून चढत्या भरतीबरोबर वर येणं हे उलट्या दिशेपेक्षा पुष्कळ सोपं, कारण अवघड वळण मागे राहतं आणि पुढे टेडिंग्टनला पाणी वाढत असतं. बोट १३.७ मीटरहून लांब असेल तर ब्रेंटफर्डच्या खाली व्हीएचएफ रेडिओ लागतो आणि तो चालवण्याचं प्रमाणपत्रही. साखळीसकट नांगर पुढे तयार ठेवा, बोटीच्या तळाशी पडलेला नांगर असून नसल्यासारखा. निघण्यापूर्वी डिझेलचा फिल्टर बदला. कालव्यात वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटेला ढवळून निघतो आणि इंजिन बंद पडतं, तेही वेस्टमिन्स्टरच्या पुलाजवळ. विमा भरतीच्या पाण्याला लागू आहे का, ते कागदावर वाचा.

पत्रलेखकहो, मेहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना वरच्या नदीत एक अख्खा दिवस सुकाणू द्या. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच. बुकिंग मात्र पत्नीच्या हातून होऊ द्या. त्यांचे तीन प्रश्न बोटीच्या कंपनीला त्यांच्याच ईमेलने जाऊ देत, आणि चौथा माझ्याकडून : बोट ताब्यात देताना शिकवायला माणूस किती वेळ देणार आणि पहिल्या लॉकपर्यंत तो बरोबर येणार का? ‘नाही’ म्हणाले तर दुसरी कंपनी बघा.